ओट्यावर उजेड कसा हवा?

यवतमाळकरांनो, नवं घर बांधताय? मग टाइल्सइतकाच स्वयंपाकघरातल्या दिव्यांचा विचार करा! 💡

बहुतेक घरांत छताच्या मधोमध एकच ट्यूब असते. ओट्याशी उभं राहिलं की उजेड पाठीमागून येतो आणि आपलीच सावली चिरायच्या भाजीवर पडते. तुरीच्या डाळीतला खडा मग दिसणार कसा?

✅ जागा: ओट्यावरच्या कपाटांखाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा. उजेड थेट हातांवर पडतो. कपाटं नसतील तर ओट्याशी उभं राहिल्यावर समोर येणाऱ्या भिंतीवर ट्यूब लावा.

✅ ल्युमेन: उजेड ल्युमेनमध्ये मोजतात, वॅट म्हणजे फक्त विजेचा खप. ९ वॅटचा चांगला एलईडी ८०० ते ९०० ल्युमेन देतो, म्हणजे जुन्या ६० वॅटच्या बल्बपेक्षा कमी नाही. तो जुना बल्ब बहुतांश वीज उष्णतेतच घालवतो. आपल्याकडच्या मे महिन्यात शेगडीजवळ आणखी उष्णता कशाला?

✅ रंग: ओट्यासाठी ४००० केल्विनचा उजेड उत्तम, ना फार पिवळा, ना निळसर. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) किमान ८० हवा. ९० असेल तर हळद, तिखट, पालेभाजी यांचे रंग जवळपास जसेच्या तसे दिसतात.

✅ टिकाऊपणा: गावाकडे व्होल्टेज कमीजास्त होतं. १०० ते ३०० व्होल्टवर चालणारा दिवा घ्या. सिंकजवळ पाण्यापासून सुरक्षित, आयपी ६५ दर्जाचा दिवा लावा.

आणि पॉइंट ठरवताना, घरात रोज स्वयंपाक जे करतात त्यांना आधी विचारा. वायरिंग भिंतीत जाण्यापूर्वीच!