घरगुती संगणकांचा वेग

इ. स. १९९९ च्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठानें ‘सेटी ॲट होम’ हा उपक्रम आरंभिला. परग्रहावरील बुद्धिमान प्राण्यांची चाहूल घेण्याकरितां रेडिओ-दुर्बिणीच्या नोंदींचे तुकडे घरोघरच्या रिकाम्या संगणकांकडे तपासण्यास जात; हें वाटप मार्च २०२० पर्यंत चाललें. मग कोणाचें यंत्र चपळ, ही चुरस लागलीच! कित्येक नुसते मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास किती दशलक्ष ठोके, एवढेंच पाहात. परंतु एका ठोक्यांत किती गणित उरकतें आणि स्मृतिकोशांतून आंकडे किती त्वरेनें हातीं येतात, हें त्यांत कोठें दिसतें? तोच तुकडा दोहों यंत्रांस देऊन वेळ मोजावा, ही खरी कसोटी. तुकडा मात्र तोच हवा. सर्वांस श्रम सारखे नसत. शिवाय वेगाच्या हव्यासानें ताणलेलें यंत्र कधीं कधीं चुकीचें उत्तर देई. यास्तव एकच तुकडा अनेकांकडे धाडून उत्तरें ताडून पाहात.