पाण्यात थांबणारा प्रकाश

मुतखड्याच्या ऑपरेशनसाठी होल्मियम लेसर सुरू करण्याआधी थिएटरमधले सगळे संरक्षक चष्मे चढवतात. चाकांवरची पेटी, तिच्यातून निघालेला काचेचा बारीक तंतू आणि सर्जनच्या पायाशी पेडल, एवढाच बाहेरून दिसणारा पसारा. तंतू दुर्बिणीतून लघवीच्या वाटेनेच खड्यापर्यंत जातो. पोटावर छेद लागत नाही.

पेटीत यॅग या स्फटिकाची कांडी असते. त्यात मिसळलेले होल्मियमचे अणू फ्लॅशच्या दिव्याने उत्तेजित झाले, की सुमारे २१०० नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य प्रकाश बाहेर पडतो. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी बनवलेला पहिला लेसरही असाच घन स्फटिकाचा होता, कृत्रिम माणकाचा. स्फटिकात कोणते अणू घालायचे, यावर प्रकाशाची जात ठरते. यॅगमध्ये निओडिमियम घातलं तर १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश मिळतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागचा पडदा गढूळला, की डोळ्यांचे डॉक्टर ‘यॅग करू’ म्हणतात, तो हाच. डोळ्यातलं पाणी त्याला अडवत नाही.

होल्मियमचा प्रकाश मात्र पाणी चटकन शोषून घेतं. ऊतीत तो जेमतेम ०.४ मिलिमीटर शिरतो. त्यामुळे तंतूचं टोक खड्याला टेकलं असेल तर खडा फुटतो आणि थोड्याच अंतरावरची मूत्रनलिका शाबूत राहते. टोक भिंतीलाच लागलं तर तीही कापली जाते. न्यूझीलंडचे पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात हीच धार वाढलेली प्रोस्टेट सोलून काढण्यासाठी वापरली. त्या शस्त्रक्रियेला ‘होलेप’ म्हणतात.

खड्यावर मारा कसा करायचा, हे सर्जन ठरवतो. सेकंदाला ०.२ ज्यूलचे ५० स्पंद किंवा १ ज्यूलचे १०, शक्ती दोन्हीकडे १० वॅटच. पहिल्या पद्धतीने खड्याची भुकटी होते आणि लघवीवाटे निघून जाते. दुसरीने तुकडे पडतात, ते बास्केटने काढायचे.

पण पाण्याने शोषलेली उष्णता पाण्यातच राहते. दुर्बिणीतून सोडलेल्या सलाइनचा प्रवाह मंदावला आणि पेडल दाबलेलंच राहिलं, तर मूत्रपिंडाच्या कोनाड्यातलं पाणी तापून इजा होऊ शकते. म्हणून मध्येमध्ये पाय उचलावा लागतो. नव्या थुलियम फायबर लेसरचा १९४० नॅनोमीटरचा प्रकाश पाणी आणखी जोराने शोषतं. ते यंत्र आटोपशीर आहे, भुकटीही बारीक करतं. सलाइन वाहतं ठेवण्याची शिस्त मात्र त्यालाही चुकलेली नाही.