उमरेडचे बळ कशात?

उमरेडचे नाव निघाले की आज प्रथम कोळसा आठवतो. गेल्या शतकाच्या आरंभी मात्र हे गाव रेशीमकाठी वस्त्रे विणणाऱ्या कोष्टी कारागिरांसाठी ओळखले जाई. नागपुरात 1877 साली एम्प्रेस मिल सुरू झाली, तरी उमरेडचे माग लगेच थांबले नाहीत. रेशमी काठाची ती वीण गिरणीला सहजासहजी साधणारी नव्हती. स्थानिक उद्योगाचे बळ म्हणतात ते हेच.

शासनाने मागास भागांकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. 1964 पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या कारखान्यांना सवलती मिळू लागल्या. हेतू स्तुत्य होता. परंतु तालुक्याचे मागासलेपण आणि कारखान्यातील स्थिर भांडवल ही या सवलतींची मापे ठरली. ज्याचे सारे भांडवल घरातला एक माग आणि हातातले कसब, त्याच्या पदरात या मापाने काय पडणार?

विणकरांसाठी वेगळ्या योजना झाल्या, हे खरे. 1976 च्या जनता कापड योजनेने हातांना काम दिले. पण ते स्वस्त कापडाचे, कसबाचे नव्हे. 1985 च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले. यंत्रमागावरची नक्कल त्याने थांबली नाही.

शेजारच्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. पण मानांकन नावाचे रक्षण करते, भावाचे नव्हे. त्यासाठी खात्रीचे बियाणे, शीतगृह, दळण आणि सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या स्त्रियांना रास्त मजुरी हवी.

यासाठी पैसा कोठून आणावा, असे विचारले जाईल. 2015 पासून खाणपट्टेधारकांना स्वामित्वधनाच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे रक्कम भरावी लागते आणि तिच्या विनियोगात कौशल्यविकासालाही स्थान आहे. त्यातून सामाईक रंगशाळा वा मिरची-प्रक्रिया केंद्र उभारण्याचा विचार का होऊ नये?

प्रत्येक जुना धंदा वाचवता येत नाही, वाचवूही नये. पण कोळसा एकदा उपसला की संपतो. कसब वापराने वाढते. खाण रिकामी होण्यापूर्वी तिच्या पैशाने गावाचे हात समर्थ करावेत, यातच शहाणपण आहे.