वर्ध्याच्या उन्हात अळवाचं पान

जूनच्या मध्यावर वर्ध्यात पहिला जोराचा पाऊस येतो. आर्वी नाक्यावर, बजाज चौकात, स्टेशनच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांकडे त्या दिवशी नीट पाहावं. काही गाड्यांच्या बॉनेटवर टपोरे थेंब उभे राहतात आणि वाऱ्यासरशी घरंगळून जातात. काहींवर पाणी ओल्या फडक्यासारखं पसरून बसून राहतं. थेंब उभा राहिला की मालक खूश होतो. लावलेलं पॉलिश अजून आहे, असं त्याला वाटतं.

मराठीत अशा थेंबाला जुना शब्द आहे, अळवावरचं पाणी. क्षणभंगुर गोष्टीसाठी तो वापरतात. पण क्षणभंगुर असतो तो थेंब. पान मात्र जन्मभर कोरडं राहतं, कारण ते जिवंत असतं आणि स्वतःच्या पृष्ठभागावर मेणाचा थर स्वतःच तयार करत राहतं. गाडीच्या पत्र्याला हे जमत नाही. त्याच्यावर माणसाने थर चढवायचा, उन्हाने तो उतरवायचा, माणसाने पुन्हा चढवायचा. वर्ध्यापुरता या झटापटीचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात गाडीपासून होत नाही, मगनवाडीपासून होते.

१४ डिसेंबर १९३४ रोजी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यात झाली. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत संघाचं काम सुरू झालं आणि मगनलाल गांधींच्या नावाने ती जागा मगनवाडी झाली. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथे हातकागद, मधमाशीपालन, तेलघाणी असे उद्योग तपासले आणि सुधारले जात. झवेरभाई पटेलांच्या कामातून तयार झालेली सुधारित घाणी पुढे देशभर ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखली गेली. मोटारीच्या चकाकीशी यातल्या कुणालाही देणंघेणं नव्हतं. तरीही पाण्याला अडवणारे दोन्ही मूळ पदार्थ त्या आवारातल्या उद्योगांच्या नात्यातले होते: मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण आणि घाणीचं तेल.

विदर्भ हा जवसाचा जुना प्रदेश. जवसाचं तेल इतर तेलांसारखं ओशट राहत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लाकडावर कडक पापुद्रा धरतो. एकदा धरला की तो गरम केल्याने पुन्हा पातळ होत नाही. मेणाचं तसं नाही. मेण नुसतं बसतं. ऊब मिळाली की मऊ होतं, आणखी तापलं की वाहतं. आज दुकानात ‘वॅक्स’ आणि ‘सीलंट’ अशा दोन वेगळ्या डब्या मिळतात. त्यांच्यातला खरा फरक तोच आहे: एक बसतं आणि एक बांधलं जातं.

मगनवाडी उभी राहत होती त्याच सुमारास, १९३५ साली, अमेरिकेतल्या रसीन गावचे मेणाचे कारखानदार एच. एफ. जॉन्सन विमानाने ब्राझीलला गेले. विमानाचं नावच ‘कार्नौबा’ होतं. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशात त्या नावाचा ताड वाढतो. आपलं पाणी उन्हात उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेण धरतो. पानं कापून वाळवायची आणि झोडपून ते मेण झाडायचं. जॉन्सनना या झाडाच्या लागवडीची आणि पुरवठ्याची पाहणी करायची होती. गाडीच्या पॉलिशमध्ये या मेणाला इतका मान का, याचं उत्तर एका आकड्यात आहे. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, कार्नौबा ८२ ते ८६ अंशांना.

वर्ध्यात हा आकडा फार मोलाचा ठरतो. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं नवलाचं नाही. हे तापमान सावलीतलं असतं. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा ७० अंश सहज ओलांडतो. म्हणजे मधमाशीचं मेण तिथे पातळ होतं आणि कार्नौबा काठावर तग धरून राहतो. मात्र निव्वळ कार्नौबा विटेसारखा टणक असतो, फडक्याने चोळताच येत नाही. म्हणून डबीत त्याच्याबरोबर पॅराफिन, मधमाशीचं मेण, विद्रावक असं बरंच काही मिसळलेलं असतं. झाकणावर ताडाचं चित्र असलं तरी आत ताड किती आणि बाकीचं किती, हे चित्रावरून कळत नाही.

मोटारीच्या रंगाचा इतिहासही जवसापासूनच सुरू होतो. सुरुवातीच्या मोटारींवर घोडागाड्यांसारखंच जवसाच्या तेलाचं वॉर्निश चढवत आणि ते वाळायला आठवडे लागत. १९२३ साली ड्यूपाँटच्या ‘ड्यूको’ रंगाने हे काम काही तासांवर आणलं. कारखान्यातून तो रंग कधीच गेला, पण आपल्याकडच्या गॅरेजांत शब्द राहिला. कुठलाही फवाऱ्याचा रंग म्हणजे ‘ड्यूको’, अजूनही.

अँबेसेडर आणि फियाटच्या काळात रंग एकाच थराचा असे. उन्हाने तो पांढुरका पडायचा, खडूसारखी भुकटी धरायचा. मग जुनं बनियन घेऊन ‘रबिंग’ करायचं. पांढऱ्या बनियनला गाडीचाच निळा किंवा काळा रंग लागायचा आणि खालून टवटवीत रंग वर यायचा. ती चकाकी खरी होती, पण दर खेपेला रंगाचा एक पदर कमी होत होता. दहा वर्षांनी कडांवरून प्रायमर डोकावू लागे. रबिंगनंतर मेण लावायचं असतं आणि राखतं ते मेणच, ही दुसरी पायरी बहुतेक वेळा गळून जायची. तिच्या जागी घासलेट नाहीतर डिझेलचा हात फिरवला जायचा. त्याने तासभर झळाळी येई आणि संध्याकाळपर्यंत सगळी धूळ त्याच्यावर चिकटून बसे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या दशकात मेटॅलिक रंगांबरोबर पारदर्शक वरचा थर, म्हणजे क्लिअर कोट, सर्वसामान्य झाला. बनियनला रंग लागणं बंद झालं. हा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, केसाच्या जाडीहूनही कमी. मेणाचा थर त्याच्यापुढे काहीच नाही. तो एका मायक्रॉनपर्यंतही पोचत नाही. एवढ्याशा थरावर वर्ध्याचं ऊन, कोरड्या कुंच्याने झाडलेली धूळ आणि कपड्यांच्या पावडरीचं पाणी झेलण्याची जबाबदारी येते. यात पावडर फार मोठी शत्रू आहे. तिचा अल्कधर्मी फेस तेलकट डाग काढतो तसा मेणही काढतो. महागडं वॅक्स लावून दुसऱ्या आठवड्यात पावडरीने गाडी धुणारा माणूस पैसे नालीत सोडत असतो.

नव्वदच्या दशकाअखेरपासून सीलंट सर्रास मिळू लागले. हे जवसाच्या तेलाचे दूरचे वारस: सिलिकॉनचे आणि इतर कृत्रिम बहुवारिकांचे लांब रेणू पत्र्यावर धरतात, आपसांत बांधले जातात आणि मेणासारखे वितळत नाहीत. हे काम करणाऱ्यांचा सर्वसाधारण हिशेब असा, की मेण सहा ते आठ आठवडे टिकतं आणि सीलंट चार ते सहा महिने. वर्ध्यात दोन्ही आकडे उन्हाळ्यात आखडतात, पण मेणाचा जास्त आखडतो. इथल्या पंचांगाप्रमाणे चालायचं तर पाडव्याच्या आसपास सीलंट लावावं आणि दसऱ्याला, गाडीला झेंडूचा हार घालण्याच्या आधी, मेण. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात मेणाची खोल, ओलसर चकाकी खुलते, आणि त्या चकाकीत ते सीलंटला आजही मागे टाकतं.

याच काळात ‘टेफ्लॉन कोटिंग’ नावाचं प्रकरण नव्या गाडीबरोबर गळ्यात पडू लागलं. टेफ्लॉन वितळायलाच ३२७ अंश लागतात. तव्यावर त्याचा थर भट्टीत भाजून बसवतात. गाडीचा रंग त्या तापमानाला जळून जाईल. फडक्याने चोळलेल्या पॉलिशमध्ये त्याची पूड असली तरी गाडीचा तवा होत नाही.

आता पुन्हा त्या टपोऱ्या थेंबाकडे. पृष्ठभागाशी थेंब ९० अंशांपेक्षा मोठा कोन करत असेल तर तो पृष्ठभाग पाणी झिडकारणारा मानतात. चांगल्या मेणावर हा कोन १०० ते ११०च्या आसपास असतो. कमळाच्या पानावर तो १६०पर्यंत जातो. फरक मेणाच्या प्रतीचा नाही. बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ साली दाखवून दिलं की कमळाच्या पानावर मेणाचे सूक्ष्म उंचवटे असतात, थेंब त्यांच्या टोकांवर आणि मधल्या हवेवर तरंगतो आणि घरंगळताना धूळ उचलून नेतो. अळवाचंही तेच. गाडीचा पत्रा मात्र आरशासारखा गुळगुळीतच हवा असतो, नाहीतर चकाकी कुठली? म्हणून ‘कमळासारखं’ असं डबीवर कितीही लिहिलं, तरी गुळगुळीत लेप त्या कोनाच्या जवळपासही जात नाही.

थेंब भिंगासारखा ऊन गोळा करून रंग जाळतो, हा समजही तपासायला हवा. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० साली पानांवरच्या थेंबांचा याच अंगाने अभ्यास केला. गुळगुळीत पान थेंबांमुळे भाजत नाही, असं त्यांना आढळलं, कारण ऊन कडक असतं तेव्हा ते एकवटण्याची जागा पानाच्या पृष्ठभागावर येत नाही. मग गाडीवर ते गोल पांढरे डाग कुठून येतात? बोअरच्या पाण्यातून. वर्ध्याच्या बेसाल्ट खडकातलं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. सकाळी दहाला गाडी धुऊन उन्हातच सोडली की प्रत्येक थेंब जागच्या जागी आटतो आणि आपल्यातले सगळे क्षार एका वर्तुळात सोडून जातो. थेंब जितका घट्ट आणि उभा, तितकं वर्तुळ ठळक. म्हणजे पावसात जो गुण वाटतो तोच बोअरच्या पाण्यात दोष ठरतो. काही लेपांवर थेंब न बनता पाणी अखंड चादरीसारखं सरकून खाली जातं आणि मागे जवळपास कोरडा पत्रा राहतो. दिसायला हे फिकं असेल, पण आपल्या जिल्ह्यात तेच हिताचं आहे. नाहीतर गाडी सकाळी लवकर, टिनाच्या शेडखाली धुवावी आणि लगेच पुसून घ्यावी.

गेल्या दहा-बारा वर्षांत सिरॅमिक कोटिंग आलं. सिलिकायुक्त द्रव पत्र्यावर पसरवतात, तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन काचेसारखा थर धरतो. उष्णतेचा प्रश्न यात जवळजवळ संपतो आणि दोन ते पाच वर्षांचं आयुष्य सांगितलं जातं. ‘नाइन एच’ हा आकडाही मोठ्याने सांगतात. तो पेन्सिलीचा आकडा आहे. ठरावीक कडकपणाच्या पेन्सिली घेऊन थर ओरखडतो का, हे पाहण्याची ती चाचणी, आणि तिच्या मोजपट्टीची शेवटची पेन्सिल म्हणजे नाइन एच. धुळीतल्या गारेच्या कणांना तो थर अडवू शकत नाही. शिवाय वर्ष-दीड वर्षात ‘कोटिंग गेलं, थेंबच धरत नाही’ ही तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा कोटिंग गेलेलं नसतं, क्षारांच्या पातळ पडद्याखाली झाकलेलं असतं. सौम्य आम्लाने तो पडदा काढला की थेंब परत उभे राहतात. उलट, सिलिकॉनचा स्वस्त फवारा मारला की उघड्या रंगावरही दोन-चार दिवस सुंदर थेंब दिसतात. थेंबांवरून टिकाऊपणा ओळखायला जाणारा माणूस दोन्हीकडून फसतो.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि वर्ध्याजवळच्या येळाकेळीहून चढणाऱ्या गाड्यांपुढे नवीच परीक्षा आली. ताशी १२० किलोमीटर वेगाने रात्री धावलेल्या गाडीचं तोंड किड्यांनी माखतं. उन्हात तो चोथा वाळतो, त्यातले आम्लधर्मी पदार्थ क्लिअर कोटमध्ये शिरतात. इथे लेप हुकमी उपयोगी पडतो: मेण असो वा सीलंट, किडा थेट रंगाला चिकटत नाही आणि ओल्या फडक्याने निघतो. फक्त तो त्याच दिवशी काढायला हवा.

ज्याला स्वतः पडताळायचं असेल त्याने पाडव्याला बॉनेट स्वच्छ धुऊन चिकटपट्टीने चार पट्टे आखावेत. एकावर मेण, एकावर सीलंट, एकावर सिरॅमिकचा फवारा, चौथा कोरा. पोळ्यापर्यंत गाडी नेहमीसारखी वापरावी आणि दर पंधरवड्याला तांब्याभर पाणी ओतून फोटो काढावा. नुसते थेंब पाहू नयेत. पाणी किती वेळात सरकतं, धूळ किती धरते, चिमणीची विष्ठा किंवा आंब्याच्या तुडतुड्यांचा चिकटा पुसल्यावर डाग राहतो का, हेही लिहून ठेवावं. कोरा पट्टा मध्येच पुसून चमकवायचा मोह टाळावा, कारण बाकीच्या तिघांची तुलना त्याच्याशीच करायची आहे.