त्रेपन्न किलो चिल्लर
कामोठ्यातल्या किराणा दुकानात सुट्टे म्हणून मिळालेला रुपया उलटून बघा. वर्षाच्या अंकाखाली बारकासा हिरा असेल, तर तो फोर्टातल्या, रिझर्व्ह बँकेसमोरच्या मुंबई टांकसाळीतला. मानसरोवर स्टेशनवरून हार्बरने गेलं तर सव्वा-दीड तासाची वाट. तारा असेल तर नाणं हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं.

देशात चलनात असलेली नाणी बारा हजार कोटींहून जास्त आहेत. माणशी ८५ तरी. एका सेकंदाला एक या वेगाने, न जेवता न झोपता, ती सगळी बघायची म्हटली तर ३,८०० वर्षं लागतील. म्हणजे दायमाबादची उत्तर-हडप्पा वस्ती मोडत होती तेव्हा बसायला हवं होतं. अर्थात तेव्हा बघायला नाणंच नव्हतं!

या ढिगात काही लोक भिंग घेऊन ‘डबल डाय’ शोधतात. नाणं पाडणारा ठप्पाच आधी दुसऱ्या, उठावाच्या ठप्प्याने दाबून घडवतात. जुन्या पद्धतीत एका दाबात नक्षी पुरती उमटायची नाही, म्हणून पोलाद तापवून मऊ करायचं आणि पुन्हा दाबायचं. दुसऱ्या वेळी केसभर जरी फिरलं, तरी अक्षरं दोनदा कोरली जातात. मग तो ठप्पा मोडीत निघेपर्यंत त्यातून पडणारं प्रत्येक नाणं दुहेरी.

यातली गाजलेली चूक अमेरिकेतली. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ३३ कोटींहून जास्त सेंट पडले. त्यांतले वीस ते चोवीस हजार दुहेरी अक्षरांचे निघाले, पण ते चांगल्या नाण्यांत मिसळून गेले होते. एवढ्यासाठी सगळा ढीग कोण वितळवणार? दिले सोडून. पुष्कळसे लोकांच्या हाती आले ते सिगारेटच्या पाकिटातून, सुट्टे म्हणून.

प्रमाण काढलं तर साधारण चौदा हजारांत एक. आपल्या रुपयाला तेच लावून बघू. बँकेत नाणी शंभर-शंभरच्या प्लॅस्टिक पिशव्यांत द्यावीत, असं रिझर्व्ह बँक सुचवते. म्हणजे अशा १४० पिशव्या. २०११च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा, म्हणून वजन ५३ किलो. दोन्ही बाजू बघायला पाच सेकंद धरले तर साडेएकोणीस तास. एवढं करूनही असे शंभर जण बसले, तर त्यांतल्या ३७ जणांच्या हाती काहीच लागणार नाही. संभाव्यतेचं गणित असंच निर्दय असतं. शिवाय एक हजार रुपयांपुढची चिल्लर नाकारायची मुभा भाजीवाल्याला २०११च्या नाणे कायद्यानेच दिली आहे. ओझं पुन्हा बँकेतच न्यायचं.

खरा घोळ वेगळाच. डोळ्यांना दुहेरी दिसणारी नाणी ढिगाने सापडतात, कारण यंत्रात सैल बसलेला ठप्पा ठोक्यासरशी हलतो. तिथे अक्षराच्या कडेला सपाट पायरीसारखी ओरखड आलेली असते आणि मूळ अक्षर त्या बाजूने बारीक झालेलं असतं. डबल डायमध्ये दुसरं अक्षर गोलसर, पहिल्याइतकंच उठून आलेलं असतं आणि टोकाला स्पष्ट फाटा फुटलेला दिसतो. पहिल्या प्रकाराला रुपयाला रुपयाच मिळतो. नवशिक्याचे पहिले कित्येक ‘शोध’ याच जातीचे.

आणि चौदा हजारांचा हिशोब खरा ठरतो तो हातोहात फिरून मिसळलेल्या चिल्लरीतच. टांकसाळीची यंत्रं मिनिटाला सातशेच्या वर नाणी पाडू शकतात. एका ठप्प्याची नाणी एकामागून एक पडतात आणि बरीचशी एकत्रच भरली जातात. त्यामुळे कोऱ्या पिशवीत ती एकेकटी सहसा नसतात. पहिली दहा साधी निघाली, तर उरलेली नव्वदही बहुधा साधीच. अकराव्याचा पाय घसरलेला दिसला, तर मात्र पिशवी बाजूला ठेवायची, चहा टाकायचा आणि बारावं नाणं उचलायचं.