ढगूचे दात

मैत्रिणींनो, "परीक्षक म्हणून याल का?" असं कुणी विचारलं की आपण बायका हुरळूनच जातो, नाही का? रांगोळी असो, पाककृती असो, नाहीतर हळदीकुंकवाचे उखाणे. मीही हुरळले. पण मला बोलावणं आलं होतं ते सशांची परीक्षा करायला!

उमरठ हे आमचं मूळ गाव. 1670 साली सिंहगडासाठी प्राण वेचणाऱ्या तानाजी मालुसऱ्यांचं हे गाव, त्यामुळे नाव तुमच्या कानावर असेलच. आम्ही पोलादपुरात राहतो. मी सकाळचे चार तास शाळेत शिकवते, आणि थोरले दीर-जाऊबाई गावी असतात. दोन वर्षांपूर्वी थंडीत मुलांनी पाळलेल्या प्राण्यांचं लहानसं प्रदर्शन भरवायचं ठरलं. आमच्या भागात पाचसहा घरी ससे झाले होते. "बाई बीए आहेत, त्यांना कळेल," असं म्हणून सशांचा विभाग माझ्या गळ्यात पडला. आता बीएला मी मराठी घेतलं होतं, ससे नव्हे! शिवाय जाऊबाईंच्या धाकटीचा ढगूही त्यात होता. राखाडी, गुबगुबीत, हात लावला तर मखमलच. मनात म्हटलं, पहिला नंबर तर घरातच आहे.

तरी अज्ञान झाकायला म्हणून आदल्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या पशुवैद्य डॉक्टरांना गाठलं. त्यांनी जे दाखवलं ते तुम्हांलाही सांगते. तुमच्या घरी ससा असेल, किंवा मुलांनी हट्ट धरला असेल, तर उपयोगी पडेल.

आधी नावाचा घोळ. ढगूसारख्या सशाला 'चिंचिला' म्हणतात. पण खरा चिंचिला हा ससा नव्हेच. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरचा, उंदराच्या गणातला प्राणी. त्याच्या त्वचेच्या एकेका छिद्रातून पन्नासच्या वर केस उगवतात. त्या मऊ कातड्यासाठी त्याची इतकी शिकार झाली, की रानातून तो नाहीसाच व्हायची वेळ आली. त्याला उकाडा मुळीच सोसत नाही. आपल्या कोकणात त्याला पाळणं म्हणजे त्याचा छळच. त्याच्यासारख्या रंगाचा ससा फ्रान्समध्ये तयार झाला आणि 1913 साली पहिल्यांदा प्रदर्शनात मांडला गेला. आपल्याकडे आहे ती 'सोव्हिएत चिंचिला' ही मोठी जात, पूर्ण वाढीला चारपाच किलोची. तमिळनाडूत कोडाईकनालजवळ मन्नवनूरला केंद्र सरकारच्या संशोधन केंद्रात तिची पैदास करतात.

रंगाची पारख फार गमतीची असते. आपण साडी घेताना पदर उलटून बघतो ना, तसंच. सशाच्या कुशीवर हलकेच फुंकर मारायची. केस बाजूला होऊन वर्तुळं दिसतात. मुळाशी गडद निळसर राखाडी, मधे मोत्यासारखा पांढरा पट्टा आणि टोकाला काळी छटा. पट्टे जितके स्वच्छ, तितका रंग चांगला. मधेच तांबूस झाक आली तर गुण कमी. विलायतेत शंभर गुणांचा तक्ताच असतो. रंगाला इतके, केसांना इतके, बांध्याला इतके.

"पण बाई," डॉक्टर म्हणाले, "रंग सगळ्यांत शेवटी बघायचा. आधी ससा निरोगी आहे का ते बघा."

मग त्यांनी क्रम सांगितला. ससा कानाला धरून कधीही उचलायचा नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. मागचे पाय लोंबकळले की तो लाथा झाडतो आणि त्या झटक्यानं त्याचाच कणा मोडू शकतो. मग पुढच्या पायांची आतली बाजू बघायची. तिथले केस चिकट, गुठळ्या झालेले असले तर नाक वाहतंय समजायचं, कारण ससा पंजानंच नाक पुसतो. मालकानं नाक पुसून आणलं तरी पंजा चुगली करतो! कानात तपकिरी खपल्या असल्या तर खरूज. मागच्या पायांच्या तळव्यांचे केस जाऊन लाल झाले असतील तर पिंजऱ्याचा तळ नुसत्या तारेचा आहे, किंवा ओला राहतो. आमच्याकडच्या पावसात हे हमखास होतं. तळाशी फळी आणि कोरडं गवत हवंच.

आणि शेवटी दात. सशाचे दात जन्मभर वाढतात. वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे असले की एकमेकांवर घासून झिजत राहतात. खालचे पुढे आले तर झिजत नाहीत, वाढतच जातात, आणि पुढेपुढे त्याला खाताच येत नाही. पुष्कळदा हा दोष आईबापांकडून येतो. अशा सशाला प्रदर्शनात बक्षीस नाही, आणि त्याची पिल्लंही घ्यायची नाहीत.

प्रदर्शनाच्या दिवशी एकेक ससा क्रमानं बघत गेले. ढगूची पाळी आली. पंजे स्वच्छ, कान स्वच्छ, फुंकर मारली तर वर्तुळं अशी रेखीव की बघत राहावं. मग ओठ वर केला, आणि माझे हातच गार पडले. खालचे दात पुढे आलेले, एक तर वाकायला लागलेला.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, ओठ खाली सोडावा. कुणाला कळणार होतं? समोर ती दहा वर्षांची पोर डोळे लावून उभी. शेजारी जाऊबाई. ढगूची पिल्लं विकून दोन पैसे मिळतील म्हणून त्यांनी मादीही आणून ठेवली होती. पण ओठ सोडला असता तर दात थोडेच सरळ होणार होते?

बक्षीस दुसऱ्या एका मुलाच्या पांढऱ्या, साध्यासुध्या सशाला दिलं. पोर रडत घरी गेली. जाऊबाई रात्री म्हणाल्या, "अगं, घरचीच होती ना ती! एवढं काय ते शास्त्र?" मी म्हटलं, "ताई, तो अलीकडे गाजर अर्धवट टाकतो का?" त्या गप्पच झाल्या. टाकत होता.

दुसऱ्या दिवशी ढगूला टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दात कापून दिले. हे घरी नखं कापायच्या कटरनं करायचं नाही हं, दात उभा चिरतो. ससा दिवसभर काही खात नसेल तर 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रोजच्या खाण्यात मुख्य हवं ते गवत. त्यानंच दात आणि पोट दोन्ही ठीक राहतात. पोळी, बिस्किटं लाडानंसुद्धा नकोत.

आणि हो, रानात सापडलेलं सशाचं पिल्लू घरी आणू नका. रानससा वेगळा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पाळायला बंदी आहे. त्याचं पिल्लू एकटं दिसलं तरी टाकलेलं नसतं, आई येऊन पाजून जाते.

पुतणी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एका शनिवारी एसटीनं आईबरोबर आली. मांडीवर टोपली. दर महिन्याला दात कापायला यावं लागतं. म्हणाली, "काकी, शेजारच्यांनी नवा ससा आणलाय. मी आधी त्याचे पंजे बघितले. चिकट होते. डॉक्टरांकडे न्यायला सांगितलंय."

जाऊबाईंनी ढगूची पिल्लं घ्यायचा बेत सोडला. मादी त्याच पांढऱ्या सशाच्या घरी दिली. ढगू मात्र ओटीवर मजेत आहे. बक्षीस नाही, पिल्लं नाहीत, वर दर महिन्याचा डॉक्टरांचा खर्च. पण मैत्रिणींनो, गवताची काडी तो आता कुरूकुरू शेवटपर्यंत खातो, आणि ती संपेपर्यंत पोर शेजारी बसून असते.