म्हणींतला हिशेब

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीच्या प्रत्येक भाषणात येते. त्यामुळे गुळगुळीत झालेल्या नाण्याप्रमाणे तिच्यावरचा छाप कोणी पाहत नाही. गुजरातीत थेंबाथेंबाने सरोवर भरते. कन्नडमध्ये ‘हनि हनि गूडिदरे हळ्ळ’, म्हणजे थेंब मिळून ओढा होतो. रक्कम लहान चालेल, खंड नको, हा सर्वांचा आशय. दरमहा ५०० रुपये आवर्ती ठेवीत १० वर्षे भरले, तर भरणा ६०,००० रुपयांचा होतो. वार्षिक ६ टक्के व्याजदर धरल्यास हाती सुमारे ८२,००० रुपये येतात.

याच्या अगदी उलट ‘ऋण काढून सण’. समजा, दिवाळीसाठी एखाद्याने १०,००० रुपये शेकडा ३ दराने घेतले. ऐकताना हा आकडा किरकोळ वाटतो. पण तो महिन्याचा असतो, वर्षाचे झाले ३६ टक्के. दरमहा नुसते व्याज दिले, तर पुढच्या दिवाळीपर्यंत ३,६०० रुपये जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. त्यात नव्या सणाचा खर्च पुढे उभा! याउलट वर्षभर दरमहा ८५० रुपये साठविणाऱ्याजवळ १०,२०० रुपये आणि वर थोडे व्याज असते. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरील व्याजही पुष्कळदा महिन्याला ३ टक्के किंवा त्याहून अधिक असते. तेव्हा ही म्हण सावकारीबरोबर कालबाह्य झाली, असे समजण्याचे कारण नाही.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हिचा अर्थ मात्र अर्धाच घेतला जातो. पाय पोटाशी घेऊन निजावे, असे ती सांगत नाही. औषधोपचार, मुलांचे शिक्षण, चांगले बियाणे यांतही हात आखडणाऱ्यासाठी मराठीने बोचरी म्हण राखून ठेवली आहे: ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’. दमडी म्हणजे जुन्या पैशाचा चौथा हिस्सा. रुपयाचे पैसे ६४, दमड्या २५६. १९५७ साली दशमान नाणी आली, तरी म्हणीत ती टिकून आहे.

अंथरूण वाढवायचे तर कष्टाला पर्याय नाही. ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ हे आळशाचे समाधान. परंतु कष्टाची मिळकतही महिनाअखेरपर्यंत क्वचितच उरते. म्हणून पगार जमा होताच ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत वळती करण्याची स्थायी सूचना शाखेत द्यावी. हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवणे सोयीचे.